विमानतळावरच्या कंत्राटी कामगारांसाठी अडीनडीचा निधी हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरहून नवं विमान सुरू झालं की तुमच्या पहिल्या पानावर हारतुऱ्यांसकट फोटो येतो. यायलाच हवा. मधली काही वर्षं उजळाईवाडीला, म्हणजे आपल्या विमानतळावर, नियमित प्रवासी विमानच नव्हतं. २०१८ साली छोट्या शहरांना विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेतून ते पुन्हा आलं, मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि आता मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू ही नावं फलकावर दिसतात. पण त्या फोटोत बॅगा चढवणारी पोरं नसतात, काउंटरवर बोर्डिंग पास देणाऱ्या मुली नसतात, टॉयलेट पुसणाऱ्या मावशी नसतात. यातले बहुतेक जण विमान कंपनीचे नाहीत आणि विमानतळाचेही नाहीत, ते कंत्राटदाराचे आहेत. हे पत्र त्यांच्याविषयी आहे आणि जरा लांबणार आहे.

माझी सगळी नोकरी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कामगार पतसंस्थेत झाली. क्लार्क म्हणून लागले, शाखाधिकारी म्हणून बाहेर पडले. फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाचा पैसा कधी संपतो, कशानं संपतो आणि संपल्यावर तो काय करतो, हे मी काउंटरच्या आतून बघितलं आहे. म्हणून अमेरिकेतल्या डेल्टा या विमान कंपनीची योजना वाचनात आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. या कंपनीने २०२३ पासून आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आणीबाणीच्या बचतीची सोय केली. कर्मचाऱ्याने पैशाच्या नियोजनाची शिकवणी पुरी करायची, थोडे पैसे स्वतःचे टाकायचे, बाकीचे कंपनी घालते. अशी एक हजार डॉलरपर्यंतची गंगाजळी त्याच्या नावावर उभी राहते. ती प्रॉव्हिडंट फंडासारखी म्हातारपणासाठी नाही. गाडी बंद पडली, पोरगं आजारी पडलं, छप्पर गळायला लागलं, अशा वेळेसाठी ती आहे.

अमेरिकेसारख्या देशात याची गरज काय, असं मलाही वाटलं होतं. पण तिथली मध्यवर्ती बँक दरवर्षी एक पाहणी करते. अचानक ४०० डॉलरचा खर्च आला तर तो हातातल्या पैशातून भागवू, असं सांगणारे लोक २०२३ साली ६३ टक्के होते. शंभरातल्या उरलेल्या सदतीस जणांना कुठे तरी हात पसरावा लागतो, काही विकावं लागतं किंवा तो खर्च झेपतच नाही. म्हणून २०२२ च्या डिसेंबरात तिथे कायदा झाला आणि २०२४ पासून मालकांना कामगाराच्या निवृत्तीच्या खात्याला जोडूनच आणीबाणीचं बचत खातं देता येऊ लागलं. सुरुवातीची मर्यादा अडीच हजार डॉलरची. पगाराच्या तीन टक्क्यांपर्यंत कपात आपोआप सुरू करता येते. ज्याला नको असेल त्याने नको म्हणायचं. वर्षातल्या पहिल्या चार वेळा पैसे काढायला कसलंही शुल्क नाही. कारण विचारायचं नाही. आणि मोठ्या पगारवाल्यांना या खात्यात प्रवेशच नाही, हे मला विशेष आवडलं.

डेल्टाच्या योजनेतल्या शिकवणीचं मात्र मला हसू आलं. महिना चौदा हजारांत सासू, दोन पोरं आणि भाड्याची खोली सांभाळणाऱ्या बाईला काटकसर शिकवणारा अजून जन्माला यायचा आहे. तिला शिकवणी नको, तिच्या तीनशे रुपयांच्या शेजारी दुसरे तीनशे ठेवणारा मालक हवा.

आता उजळाईवाडीकडे येते. माझा भाचा तिथे लोडर आहे. राहायला तिकडे गडमुडशिंगीच्या बाजूला. सकाळच्या विमानाची शिफ्ट असली की अंधारात निघायचं. त्या वेळेला केएमटीची बस नाही, वडापची शेअर गाडी नाही. म्हणजे नोकरी त्याच्या जुन्या मोपेडवर अवलंबून. मागच्या पावसाळ्यात त्या गाडीचं इंजिन बसलं. मेस्त्रीनं साडेसहा हजार सांगितले. तारीख २१. पगाराला अजून पंधरवडा. शिफ्ट चुकवली तर त्या दिवसाचा पगार जातो आणि दोनदा चुकवली तर सुपरवायझर दुसऱ्या पोराला बोलावतो. भावाकडे मागायची लाज, मित्र सगळे त्याच्यासारखेच. त्यानं मोबाइलवरच्या एका कर्जाच्या अॅपवरून सात हजार मागितले. खात्यावर आले पाच हजार सहाशे. बाकीचे म्हणे प्रोसेसिंग फी. परत करायचे सात हजार, तेही चौदा दिवसांत.

मला हे कळलं ते त्या अॅपवाल्याच्या फोनवरून. दुपारी जेवायला बसले होते, अनोळखी नंबर, हिंदीतून एक माणूस भाच्याचं नाव घेऊन विचारतो, आपण त्यांच्या कोण? मग आवाज चढवून, तुमच्या माणसाला सांगा नाहीतर सगळ्या नातेवाइकांना फोन जातील. त्याच्या मोबाइलमधले सगळे नंबर त्यांनी उचलले होते. रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अॅपना ग्राहकाची फोनयादी बघायला २०२२ सालीच मनाई केली आहे, पण घाईच्या वेळी हाताला लागतं ते असलंच. भाच्याला बोलावून घेतलं तर मान खाली घालून म्हणतो, "आत्ती, पगार झाला की भागवणारच होतो की. तुला कशाला त्रास?"

त्याला आत्या होती. त्याच्याच शिफ्टला गडहिंग्लजकडची एक मुलगी आहे, शाहूपुरीत कॉट बेसिसवर राहते. तिला इथे कोण आहे?

साडेसहा हजार ही काही मोठी रक्कम नाही. आमच्या पतसंस्थेत एवढ्यासाठी कुणाला दुसऱ्या दिवशी ये म्हणावं लागत नव्हतं. पगारातून दरमहा वर्गणी कापली जायची, ती सभासदाच्या नावावर साठायची, आणि तिच्या आधारावर आकस्मिक कर्ज मिळायचं. एक पानी अर्ज, जामीनदार नाही, त्याच दिवशी रोख. अर्जात एक रकाना होता, कर्जाचं कारण. नव्वद टक्के लोक एकच लिहायचे, "घरगुती अडचण". सुरुवातीला आमचे एक सचिव खोदून विचारायचे. एकदा एका बाईनं त्यांच्या तोंडावर सांगितलं, "साहेब, नवऱ्यानं पगार जुगारात घातला असं लिहू का?" त्यानंतर तो रकाना राहिला, पण विचारणं बंद झालं. अमेरिकेच्या कायद्यात कारण विचारायचं नाही असं वाचलं तेव्हा मला ती बाई आठवली. अडचण कुणापुढे तरी सिद्ध करावी लागली की लोक सावकाराकडे जातात, कारण सावकार विचारत नाही.

मग लोक उधळतात का? काही उधळतात. गौरी-गणपतीच्या आधी आमच्याकडे रांग लागायची, त्यात घराचं छप्पर नीट करणारे किती आणि टीव्ही घेणारे किती हे मला ठाऊक आहे. पण ते त्यांचेच पैसे होते, आणि टीव्ही घेतलेला माणूसही पुढच्या महिन्यापासून पुन्हा वर्गणी भरत होता. जूनमध्ये शाळेची पुस्तकं, जुलै-ऑगस्टमध्ये पुराचं पाणी, हे आमचं ठरलेलं वेळापत्रक. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. आम्ही मात्र चाळीस फूट झाले की बँकेतून जादा रोकड आणून ठेवायचो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, एटीएम रिकामी झाली, पंपांवर पेट्रोल फक्त अत्यावश्यक सेवेच्या गाड्यांना. त्या आठवड्यात ज्याच्या हातात पाच हजार रोख होते तो मोठा माणूस होता. २०२१ ला तेच. आणि या दोन्ही वेळी उजळाईवाडीची धावपट्टी उंचावर असल्यानं कोरडी होती. ती चालू ठेवणारी माणसं मात्र पाण्यातल्या गावांतून कामावर येत होती.

आता कुणी म्हणेल, पीएफ आहे की. आहे. ठेकेदाराने भरला असेल तर आहे. पण तो पैसा मिळायला अर्ज, केवायसी, नावातल्या एका वेलांटीचा फरक आणि मग वाट बघणं. मोपेडचा मेस्त्री तोवर थांबत नाही. शिवाय म्हातारपणाचा पैसा इंजिनात घालू नये. पोस्टाची आवर्ती ठेव? चांगली आहे, मीही ठेवते. पण ती पाच वर्षांची. बारा हप्ते भरल्यावर निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, मुदतीआधी बंद करायची तर तीन वर्षं थांबावं लागतं. भिशी? आपल्याकडे गल्लोगल्ली चालते, पण नंबर लागला तर पैसे. अडचण नंबर बघून येत नाही. आणि मालकाकडून उचल घ्यायची म्हणाल तर तीच सगळ्यात वाईट. उचल घेतलेला कामगार दुसरी नोकरी बघू शकत नाही, जादा शिफ्टला नाही म्हणू शकत नाही. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात उचलीनं माणूस कसा बांधला जातो हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मालकाने स्वतःचा वाटा घातलेली, कामगाराच्या नावावरची, हवी तेव्हा निघणारी बचत हवी. मात्र डेल्टाची योजना आहे तशी उचलून इथे आणता येणार नाही. तिथे कर्मचारी कंपनीचा आहे. इथे तो कंत्राटदाराचा, आणि कंत्राटदार बदलतो.

हा बदल कसा होतो ते बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. निविदेची मुदत संपते, नवा ठेकेदार येतो. माणसं बहुतेक तीच राहतात, शर्टाचा रंग बदलतो. पण विमानतळाच्या आत जायचा एंट्री पास ज्या मालकामार्फत काढलेला असतो तो मालकच गेला, म्हणून पास नव्याने काढायचा, त्याला पोलिस व्हेरिफिकेशन. पास नाही तर शिफ्ट नाही, शिफ्ट नाही तर पगार नाही. जुना ठेकेदार शेवटच्या महिन्याचा पगार "हिशेब चालू आहे" म्हणून अडकवतो, युनिफॉर्मचे पैसे कापतो. नव्याचा पहिला पगार महिना उलटून गेल्यावर. भाच्याच्या घरात गेल्या बदलाच्या वेळी वहिनींची बोरमाळ गहाण पडली. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ मालकाने तो द्यायचा, हे कायद्यात पहिल्यापासून आहे. पण त्यासाठी भांडायला जाणाऱ्याला पुढच्या यादीत नाव हवं असतं ना.

बरं, मोठ्या कंपनीत कायम नोकरी असली तरी हा धंदाच असा आहे. किंगफिशरची विमानं २०१२ साली थांबली. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं, तेव्हा लोकांचे पगार आधीच थकलेले होते. पाच वर्षं आशेवर गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात, म्हणजे मोडीत काढायचा आदेश दिला. गो फर्स्ट ३ मे २०२३ ला थांबली. कोरोनात २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशातल्या देशात एकही नियमित प्रवासी विमान उडालं नाही आणि नंतर पगारकपात, नोकरकपात झाली ती वेगळीच. एवढं बघितल्यावर माझा पहिला आग्रह हा की, या निधीचा एक रुपयाही विमान कंपनीच्या किंवा ठेकेदाराच्या खात्यात राहता कामा नये. कंपनी बुडाली की कामगार घेणेकऱ्यांच्या रांगेत उभा राहतो. त्याची बचत तरी त्या रांगेत नको. पगाराच्या दिवशीच ती त्याच्या स्वतःच्या नावावरच्या बँक खात्यात गेली पाहिजे.

बँक खातंच का म्हणते आहे, पतसंस्था का नाही? मी पतसंस्थेत जन्म काढला, तरी सांगते. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आणि राज्यात ज्या पतसंस्था बुडाल्या त्यांच्या दारात रडणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. पगारदार नोकरांच्या संस्था त्या मानानं सुरक्षित, कारण कर्ज फक्त सभासदाला आणि वसुली थेट पगारातून; पण लोडरच्या पैशावर मी "त्या मानानं" चालवून घेणार नाही. पतसंस्थेकडून घ्यायची ती यंत्रणा. सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे सभासदानं लिहून दिलं की मालकाला त्याच्या पगारातून कपात करून संस्थेला पाठवावीच लागते. आमची सगळी वसुली या एका कलमावर चालत होती. कुणा मॅनेजरच्या मर्जीवर नाही. अडचण एवढीच की, बहुतेक पगारदार संस्थांच्या पोटनियमांत सभासदत्व कायम कामगारालाच. कंत्राटी माणूस तिथेही दाराबाहेर.

त्यावर माझा उपाय असा. विमानतळावर काम करणाऱ्या सगळ्यांची मिळून एक पगारदार संस्था काढावी. लोडर, काउंटरवाल्या, सफाईवाले, पार्किंगवाले, कँटीनवाले, सगळे. सभासदत्व ठेकेदाराशी नाही, कामाच्या जागेशी जोडलेलं. शर्टाचा रंग बदलला तरी सभासद तोच. कर्जाचा व्यवहार आणि कपातीचा हिशेब संस्थेनं बघावा, आणीबाणीची बचत मात्र सभासदाच्या बँक खात्यात. महिन्याला तीनशे त्याचे, तीनशे मालकाचे. वर्षाला सात हजार दोनशे होतात. माझ्या भाच्याचं इंजिन त्यात नीट होऊन वर सातशे उरतात.

मालकाला हे परवडेल का? शंभर माणसं धरली तर त्याचा वाटा वर्षाला तीन लाख साठ हजार, म्हणजे दिवसाला हजार रुपयेसुद्धा नाहीत. दिवाळीच्या आठवड्यात मुंबईच्या एका तिकिटाचे किती घेतात ते वाचकांना सांगायची गरज नाही. आणि हा खर्च ठेकेदारावर ढकलला तर तो नफ्यातून देणार नाही, पगारातूनच कापेल. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचं आणि वर योजना म्हणून मिरवायचं, हे मी कारखान्यांत बघितलं आहे. म्हणून ही तरतूद निविदेतच हवी: किमान वेतनाच्या वर, वेगळ्या ओळीत, इतके रुपये दरडोई आणीबाणीच्या बचतीसाठी, आणि बिल मंजूर करताना ते खात्यात जमा झाल्याची बँकेची यादी सोबत. पीएफची चलनं बघूनच बिल पास होतं, तसंच हे.

कामगार संघटनेतले एक जुने स्नेही मला म्हणाले, "बाई, पगार वाढवा म्हणायचं सोडून तुम्ही बचतीचं काय घेऊन बसलाय?" पगार वाढलाच पाहिजे, त्याला माझा विरोध कशाला असेल? पण आमच्या फौंड्रीत ज्यांचे पगार वाढले तेही महिन्याच्या वीस तारखेनंतर माझ्या काउंटरवर येतच होते. वाढलेला पगार वाढलेल्या फीत जातो. बाजूला पडलेला पैसाच वेळेला हाताशी असतो, आणि तो पगार हातात पडायच्या आधी बाजूला पडला तरच पडतो.

संपादक महाशय, पत्र मोठं झालं आहे. कापायचं असेल तर माझ्या नोकरीचं कापा, निविदेचा परिच्छेद ठेवा. विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे आणि त्याच्या सल्लागार समितीवर आपले लोकप्रतिनिधी असतात. तिथे नव्या मार्गांची, वेळापत्रकाची चर्चा होते. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा आणि ग्राउंड हँडलिंगचं, म्हणजे बॅगा आणि काउंटरच्या कामाचं, किंवा सफाईचं जे पुढचं कंत्राट निघेल त्यात ही ओळ घालावी, एवढीच मागणी आहे. विमान कंपन्यांचे स्थानिक व्यवस्थापक बैठकीला येतातच. डेल्टाची योजना त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल.

संस्थेचे पोटनियम लिहायचे झाल्यास मी मोफत लिहून देईन. दुपारी चारनंतर कधीही मोकळी असते. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात दिला आहे. भाचा अजून त्याच ठेकेदाराकडे असल्यानं माझं नाव मात्र कृपया छापू नये.

आपली,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी
राजारामपुरी, कोल्हापूर